माशाचे तेल घेताना बाटलीची मागची बाजू वाचा

आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना लहानपणी नाक दाबून पाजलेले काडलिव्हर तेल आठवत असेल. चमचाभर तेल, त्यावर गुळाचा खडा, आणि मग दिवसभर माशाच्या वासाचे ढेकर! आज तेच तेल, किंवा त्याच्या नात्यातले दुसरे तेल, सोनेरी मऊ गोळ्यांत भरून औषधांच्या दुकानांत मिळते. वास नाही, ढेकर कमी, आणि बाटलीवर सुंदर चित्र. कोणी ते गुडघ्यांसाठी घेतो, कोणी हृदयासाठी, तर कोणी मुलांची बुद्धी वाढावी म्हणून.

परवा एका शेतकरी घरात अशा दोन बाटल्या पाहण्यात आल्या. एक मुलाने आईच्या गुडघेदुखीसाठी शहरातून आणलेली, माशाच्या तेलाच्या गोळ्यांची. दुसरी नातवंडांसाठी आणलेली, जुन्या काडलिव्हर तेलाची. घरची सून तीन महिन्यांची गरोदर. "माशाचे तेल अंगाला चांगले, तूही घेत जा," असे म्हणून सासूबाईंनी ह्या दुसऱ्या बाटलीतले तेल तिला सुरू करून दिले होते. सारे प्रेमापोटीच चालले होते. परंतु दोन्ही बाटल्यांतले तेल एक नव्हते, आणि जिच्यासाठी जे तेल नको तेच तिला मिळत होते.

बाटलीच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते आणि मागच्या बाजूला माहिती. मागची बाजू वाचायची कशी, तेवढेच ह्या लेखात पाहू.

दोन तेले, दोन निरनिराळे गुण

माशाचे तेल, ज्याला दुकानदार फिश ऑइल म्हणतो, ते माशाच्या सबंध अंगातून काढतात. तारली, बांगडा, अँकोव्ही अशा लहान, तेलकट माशांचे ते तेल असते. जगात विकल्या जाणाऱ्या तेलाचा मोठा वाटा दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही माशापासून येतो. ह्या तेलाचा मुख्य गुण म्हणजे ओमेगा-३ नावाची चरबी.

काडलिव्हर तेल हे कॉड नावाच्या थंड समुद्रातील माशाच्या केवळ यकृतातून, म्हणजे काळजातून काढतात. त्यात ओमेगा-३ असतेच. पण त्याशिवाय जीवनसत्त्व अ आणि जीवनसत्त्व ड भरपूर असते. एडवर्ड मेलनबी ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ साली कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले की ह्या तेलाने मुडदूस टळतो. तेव्हापासून मुलांना हे तेल पाजण्याची प्रथा दूरवर पसरली.

जीवनसत्त्व अ शरीराला हवेच. पण ते अंगात साठून राहते आणि फार झाले तर अपाय करते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, त्याचा अतिरेक झाल्यास पोटातल्या बाळात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. म्हणून गरोदर स्त्रीच्या पोटात यकृतातून, तेलातून व गोळ्यांतून मिळून ह्या तयार जीवनसत्त्वाचे प्रमाण दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० युनिट, ह्यापेक्षा अधिक जाऊ नये अशी मर्यादा तज्ज्ञांनी घातली आहे. साध्या काडलिव्हर तेलाच्या एका लहान चमच्यात सुमारे ४,५०० युनिट असतात. दोन चमचे तेल आणि जोडीला जीवनसत्त्वांची एखादी गोळी झाली की मर्यादा आलीच समजा! ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेने तर गरोदर स्त्रियांना माशाच्या यकृताचे तेल मुळीच घेऊ नका असे सांगितले आहे.

तेव्हा बाटली घेताना पहिला प्रश्न हा विचारावा: हे अंगाचे तेल की यकृताचे? बाटलीवर "लिव्हर" हा शब्द दिसला तर ती गरोदर स्त्रीसाठी नव्हे.

पोत्याचे वजन आणि पोत्यातले खत

आता अंगाच्या तेलाकडे वळू. पुष्कळ बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत "१००० मिलिग्रॅम" असे छापलेले असते. हा आकडा पाहून गिऱ्हाईक खूश होते. पण शेतकऱ्याने तरी असे फसू नये, कारण हा हिशेब त्याला दर हंगामात करावा लागतो.

सिंगल सुपर फॉस्फेटचे ५० किलोचे पोते घ्या. त्यात स्फुरद १६ टक्के, म्हणजे ८ किलो. डीएपीचे ५० किलोचे पोते घ्या. त्यात स्फुरद ४६ टक्के, म्हणजे २३ किलो. दोन्ही पोत्यांचे वजन एकच, पण पिकाला मिळणारे स्फुरद जवळजवळ तिप्पट. पोत्याच्या वजनाने खत विकत घेणारा शेतकरी शहाणा म्हणता येईल काय?

माशाच्या तेलाचेही तसेच आहे. १००० मिलिग्रॅम हे पोत्याचे वजन झाले. आतले खत म्हणजे ओमेगा-३ मधील दोन घटक. त्यांची नावे तीन-तीन अक्षरांची आहेत: ईपीए आणि डीएचए. मागच्या बाजूच्या तक्त्यात ही दोन नावे इंग्रजीत शोधावी आणि त्यांपुढच्या आकड्यांची बेरीज करावी. साध्या गोळीत ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३०० मिलिग्रॅम असते. उरलेले ७०० म्हणजे माशाची इतर चरबी. अधिक शुद्ध व दाट केलेल्या तेलाच्या तेवढ्याच गोळीत हीच बेरीज ५००, ६०० किंवा ८४० पर्यंतही जाते.

दोन गोष्टींची मात्र सावधगिरी ठेवावी. काही तक्त्यांत आकडे एका गोळीचे नसून दोन गोळ्यांचे असतात. वर "पर सर्व्हिंग" असे लिहून किती गोळ्या ते सांगितलेले असते, ते आधी पाहावे. दुसरे असे की, नुसते "ओमेगा-३" किंवा "ओमेगा ३-६-९" लिहून ईपीए व डीएचए यांचे वेगळे आकडे दिले नसतील, तर ती बाटली खाली ठेवावी. ज्याच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे नाहीत, ते खत आपण घेतो काय?

भावही ह्याच हिशेबाने ठरवावा. समजा, एका बाटलीत ६० गोळ्या, किंमत ४०० रुपये, आणि एका गोळीत ईपीए-डीएचए मिळून ३००. म्हणजे एकूण १८,००० मिलिग्रॅम, रुपयाला ४५. दुसऱ्या बाटलीतही ६० गोळ्या, किंमत ७०० रुपये, पण एका गोळीत ७००. म्हणजे एकूण ४२,००० मिलिग्रॅम, रुपयाला ६०. दिसायला महाग असलेली बाटली प्रत्यक्षात स्वस्त पडली. उलट, महाग बाटलीत आकडा लहानच असू शकतो. म्हणून भाव पाहून नव्हे, भागाकार करून ठरवावे.

तेल खवट झालेले नसावे

शेंगतेल उघडे राहिले की खवट होते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. जवसाचे तेल त्याहून लवकर बिघडते, आणि माशाचे तेल त्याहूनही नाजूक. हवा, उजेड व उष्णता हे त्याचे तीन शत्रू. खवट तेलाचा गुण कमी होतोच, शिवाय ते पोटात गेलेले बरे नव्हे.

जाणकार कंपन्या तेलाचा खवटपणा मोजतात. त्याच्या एकूण मापाला टोटॉक्स म्हणतात, आणि ह्या व्यवसायाने स्वतःस घालून घेतलेली मर्यादा २६ ही आहे. ज्या कंपनीने तपासणीचा दाखला प्रसिद्ध केला असेल किंवा मागितल्यास दिला असेल, तिच्यावर विश्वास ठेवायला आधार आहे. दाखला नसेल तर आपले नाक आहेच. बाटली उघडल्यावर एक गोळी सुईने टोचून वास घ्यावा व थेंबभर चाखावे. ताज्या तेलाला माशाचा सौम्य वास येतो. उग्र, कुजका वा जुन्या रंगासारखा वास आला, जिभेला चरचरले, तर ती बाटली टाकून द्यावी. लिंबू-संत्र्याच्या स्वादाखाली खवटपणा लपतो, म्हणून बिनस्वादाची गोळी पारखायला सोपी.

बाटली गडद रंगाची असावी. मुदतीची तारीख दूर असावी. एका-दोन महिन्यांत संपेल एवढीच लहान बाटली घ्यावी. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून वर्षभर पुरवू नये. घरी ती चुलीजवळ किंवा खिडकीत ठेवू नये. पातळ तेलाची बाटली उघडल्यावर शीतपेटीत ठेवणे उत्तम.

येथेच एक इशारा. किनाऱ्यावर लाकडी होड्यांना चोपडण्यासाठी कच्चे माशाचे तेल विकतात, आणि पिठ्या ढेकणासारख्या किडींवर फवारण्यासाठी माशाच्या तेलाचा साबण मिळतो. त्या कामांना ती योग्य आहेत. परंतु "हेही माशाचेच तेल, आणि स्वस्त" असे म्हणून कोणी ते पोटात घेऊ नये. खाण्याचे तेल अनेक वेळा शुद्ध करून त्यातील घातक द्रव्ये काढलेली असतात. कच्च्या तेलात ती तशीच राहतात.

शिक्का आणि थर्माकोलचा प्रयोग

आपल्या देशात असे पूरक पदार्थ अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या कक्षेत येतात. बाटलीवर त्याचा १४ आकडी परवाना क्रमांक असलाच पाहिजे. घरातील शिकलेल्या मुलामुलींकडून तो मोबाइलवर तपासून घ्यावा. "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाचे वाक्यही त्यावर इंग्रजीत असते. ते नीट लक्षात घ्यावे. उत्पादकाने स्वतःच छापले आहे की हे औषध नव्हे. मग विकणारा त्याने आजार बरे होतात असे सांगत असेल तर कोणाचे खरे मानावे?

विकणारे कधी एक प्रयोग दाखवतात. थर्माकोलच्या पेल्यात तेल ओततात आणि थोड्या वेळात पेल्याला भोक पडते. "असेच हे तेल रक्तवाहिन्यांतली चरबी विरघळवते," असे सांगतात. ह्या प्रयोगाने भुलू नये. दाट करताना तेलावर मद्यार्काची प्रक्रिया करून त्याचे जे रूप बनते, त्याला इथाइल एस्टर म्हणतात. त्या रूपात थर्माकोल विरघळतो, इतकेच त्यातून सिद्ध होते. रक्तवाहिन्या थर्माकोलच्या नसतात. हे रूप वाईट आहे असेही नव्हे. फक्त ते उपाशी पोटी नीट पचत नाही, म्हणून अशी गोळी जेवणाबरोबरच घ्यावी.

उपयोग कोणाला, आणि किती?

१९७० च्या सुमारास बँग व डायरबर्ग ह्या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी ग्रीनलंडमधील एस्किमो लोकांचा अभ्यास केला. समुद्रातील अन्नावर जगणाऱ्या ह्या लोकांचे रक्त तपासून ह्या चरबीकडे त्यांनी जगाचे लक्ष वेधले. पुढे इटलीत ११,३२४ हृदयरोग्यांवर मोठा प्रयोग झाला. १९९९ साली त्याचे निष्कर्ष आले: झटका येऊन गेलेल्यांना रोज एक गोळी दिल्याने मृत्यूचे प्रमाण घटले. साहजिकच साऱ्या जगात ह्या गोळ्यांचा बोलबाला झाला.

पण नंतरचे प्रयोग तितके आशादायक निघाले नाहीत. २०१८ साली ब्रिटनमधील १५,४८० मधुमेही लोकांच्या आणि अमेरिकेतील २५,८७१ सर्वसाधारण लोकांच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. रोज एक गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात हृदयाच्या गंभीर विकारांचे प्रमाण विशेष वेगळे नव्हते. त्याच वर्षी एका प्रयोगात रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रोग्यांना शुद्ध ईपीए रोज ४ ग्रॅम दिल्याने लाभ झाला खरा. पण ते औषध होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले. तशाच दुसऱ्या एका प्रयोगात, ईपीए आणि डीएचए एकत्र देऊन, २०२० साली लाभ दिसला नाही.

ह्याचा अर्थ असा की, धडधाकट माणसाला ह्या गोळीने हृदयविकार टळेल अशी हमी नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढले असेल तर मोठ्या मात्रेत तेल उपयोगी पडते, पण ती मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

गुडघ्यांचे काय? आमवातात, म्हणजे ज्यात सकाळी बोटे आखडतात व सांधे सुजतात त्या रोगात, रोज सुमारे ३ ग्रॅम ईपीए-डीएचए काही महिने घेतल्यास दुखणे थोडे कमी होते. साध्या गोळ्यांचा हिशेब केला तर त्या दिवसाला दहा होतील! परंतु आयुष्यभर चिखलात वाकून भातलावणी केल्याने झिजलेल्या गुडघ्यांना ह्या तेलाने मोठा फरक पडल्याचा भरवशाचा पुरावा नाही. अशा गुडघ्यांना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे अधिक मानवते. निरोगी शाळकरी मुलांची बुद्धी गोळ्यांनी वाढते असेही सिद्ध झालेले नाही.

गरोदर स्त्रीला मात्र ओमेगा-३ खरोखर हवे. अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१८ साली तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला की त्यामुळे दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाण घटते. तिच्यासाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅम, त्यात किमान २०० डीएचए, असे प्रमाण सांगितले आहे. ते मासळीतून किंवा अंगाच्या तेलातून मिळावे, यकृताच्या तेलातून नव्हे. इतर मोठ्या माणसांना दिवसाला २५० मिलिग्रॅम पुरे.

आधी डॉक्टरांना विचारावे

रक्त पातळ करणारी गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी, आणि हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांनी हे तेल स्वतःच्या मनाने सुरू करू नये. मोठ्या मात्रेने ठोक्यांचा हा विकार काहींना वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. माशाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनीही जपावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: रक्तदाबाची वा साखरेची गोळी बंद करून तिच्या जागी माशाचे तेल कोणीही घेऊ नये. "हे नैसर्गिक आहे, ते केमिकल आहे," असे बोलणारे पुष्कळ भेटतात. अर्धांगवायूचा झटका आल्यावर मात्र त्यांपैकी कोणी उशाशी येऊन बसत नाही.

ताटातला मासा विसरू नका

घाटावर राहत असलो तरी गोवा, कारवार, वेंगुर्ल्याची मासळी आपल्या बाजारी येते. त्यात तारली आणि बांगडा हे गरिबाचे मासे. पावसाळा सरल्यानंतर तारली तेलकट होते. अशा तारलीच्या १०० ग्रॅम मांसात ईपीए-डीएचए मिळून साधारण १ ग्रॅम, म्हणजे तीन साध्या गोळ्यांइतके असते. शिवाय प्रथिने, जीवनसत्त्व ड, आणि काट्यांसकट खाल्ल्यास कॅल्शियम मिळते, ते वेगळेच. उपवासकाळातील शुक्रवारी मांस टाळून मासळी करण्याची आपली रीत आहे. वर्षभर आठवड्यातून दोनदा अशी मासळी झाली, तर बहुतेक घरांना बाटलीची गरज उरणार नाही.

मासळी घेताना डोळे चकचकीत, कल्ले लाल आणि अंग घट्ट असावे. तळण्यापेक्षा कालवण करावे; त्यात तेल टिकते व रश्श्यात उतरते. सुक्या खाऱ्या बांगड्यावर मात्र विसंबू नये. उन्हात वाळताना त्यातले तेल बिघडते, आणि मीठ रक्तदाबाला वाईट.

मासे न खाणाऱ्यांनी जवस, ज्याला कानडीत अगसी म्हणतात, भाजून कुटून चटणी करावी. जवसातील ओमेगा-३ निराळ्या जातीचे असते आणि शरीर त्याचा थोडाच भाग ईपीए-डीएचएमध्ये पालटते. तरी ते खाणे चांगलेच.

दुकानात जाताना

१. यकृताचे तेल की अंगाचे, हे आधी पाहावे. गरोदर स्त्रीसाठी यकृताचे नको.
२. ईपीए आणि डीएचए यांची बेरीज करावी, आणि ती किती गोळ्यांची आहे ते पाहावे.
३. किंमत बेरजेने भागून तुलना करावी.
४. १४ आकडी क्रमांक, मुदतीची तारीख आणि गडद बाटली पाहावी.
५. घरी एक गोळी टोचून वास घ्यावा.
६. औषधे चालू असतील तर बाटली डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या घरातील सुनेने काडलिव्हर तेल बंद केले आणि बाटली घेऊन ती डॉक्टरांकडे जाऊन आली. थोडे दिवस, रोज एकच चमचा झाला होता. घाबरण्याचे कारण नाही असे डॉक्टरांनी सांगितले. कोणाच्या घरी असे झाले असेल तर त्यांनीही घाबरू नये. तेल थांबवावे आणि डॉक्टरांना विचारावे. सासूबाईंनी गोळ्यांची बाटली उलटी करून बेरीज करून घेतली, ती ३०० निघाली. "म्हणजे एवढ्या पैशांत किती तारल्या आल्या असत्या!" असे त्या म्हणाल्या. आता त्या घरी बुधवारी आणि शुक्रवारी तारलीचे कालवण असते, आणि पहिली वाटी सुनेला मिळते.